रिपोर्ट नॉर्मल, तरी कंबर दुखायलीच

कंबरदुखीचा पेशंट आमच्याकडे येतो तो पिशवी घेऊनच. पिशवीत दोन एक्स-रे, एखादा एमआरआय, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्ध्या खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं आणि मेडिकलवरून घेतलेला कमरेचा पट्टा. खुर्चीवर नीट टेकण्याआधीच वाक्य येतं, "मणक्यात गॅप हाय म्हणायलेत." नाहीतर बरोबर उलटं, "समदे रिपोर्ट नॉर्मल हायत, पण दुखायचं काही थांबंना." पहिल्याला वाटतं, आपला कणा कामातून गेला. दुसऱ्याला वाटतं, डॉक्टर आपल्याला सोंगाड्या समजतात. दोघांनी धरून चाललेली गोष्ट मात्र एकच असते: दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडलंय, आणि जेवढं दुखतं तेवढं मोडलंय. डॉक्टर मंडळीही कित्येक वर्षं असंच धरून चालली होती.

मी पुनर्वसन चिकित्सेचा डॉक्टर. "म्हणजे हाडाचे का?" असं बहुतेक जण विचारतात. हाडाचे नाही, आणि मी फिजिओथेरपिस्टही नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं वेगळं शिक्षण असलेली ही शाखा आहे, फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याच्या गरजेतून ती जगभर वाढली. मुंबईत हाजीअलीला या विषयाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. सर्जन विचारतो, काय दुरुस्त करू? आम्ही विचारतो, या माणसाला काय करता येत नाही, आणि ते त्याला पुन्हा कसं करता येईल? मराठवाड्यात हा प्रश्न विचारायला लागलं की पुस्तकातली बरीच उत्तरं लंगडी पडतात. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी दुखतं कसं ते. कातडी, स्नायू, सांधे या सगळ्यांत मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. फार गरम लागलं, फार दाब आला, सूज येऊन तिथे रसायनं पाझरली, की ती टोकं मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून ती मेंदूकडे जाते. ही खबर म्हणजे अजून वेदना नव्हे. वेदना मेंदूत तयार होते, आणि ती तयार करताना मेंदू एकट्या खबरीवर विसंबत नाही. आपण कुठे आहोत, धोका किती, मागच्या खेपेला काय झालं होतं, रात्री झोप लागली का, हे सगळं तो जमेस धरतो.

खबर खोटी असूनही वेदना खरी असू शकते, याचा अनुभव आपण रोज जेवताना घेतो. ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजतं, पण आत कुठे भाजलेलं नसतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारं एक प्रथिन या टोकांवर असतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जागं करतं. (आमच्याकडे मे महिन्यात हवाच तितकी तापते, तो भाग वेगळा.) हे प्रथिन शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. याच्या उलटही घडतं. महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणाऱ्या हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाला दिसलं, की गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी चारांतले तिघे वेदनाशामक नको म्हणत होते. शरीर फाटलेलं होतं, पण लढाईतून जिवंत सुटलो ही गोष्ट मेंदूच्या हिशेबात मोठी होती.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूतच या खबरींची चाळणी होते. काही पुढे सोडल्या जातात, काही अडवल्या जातात, आणि मेंदू वरून या चाळणीवर हुकूम चालवतो. ठेच लागली की आपण अंगठा दाबून धरतो किंवा चोळतो आणि जरा बरं वाटतं. स्पर्शाची खबर दुखण्याच्या खबरीला तिथेच थोपवते. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं, की इजेच्या भडिमारानंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच बदलतात. त्या इतक्या हळव्या होतात, की साध्या स्पर्शालाही दुखण्याची खबर म्हणून वर पाठवू लागतात.

जुनाट वेदनेचं मर्म इथे आहे. रानडुकरांनी एका रात्रीत हरभरा लोळवल्यावर जागलीला बसलेला माणूस पुढच्या रात्री पान हललं तरी हाळी देतो. डुकरं गेली, पीक पुन्हा उभं राहिलं, तरी त्याचे कान तसेच राहतात. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच ऐकू येतं. स्नायू, अस्थिबंध किंवा मणक्यांमधल्या चकतीची बहुतेक दुखापत काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत भरून येते. त्यापुढेही दुखणं चालूच राहिलं तर त्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी २०२२ मध्ये लागू झाली. तिच्यात जुनाट वेदनेला स्वतःचं खातं मिळालं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या रोगाचं लक्षण म्हणून नाही, तर खुद्द आजार म्हणून. "रिपोर्ट नॉर्मल" असलेल्या माणसाचं दुखणं वैद्यकाच्या वहीत खरं ठरायला इतकी वर्षं लागली.

आता त्या गॅपकडे, म्हणजे चकतीच्या झिजेकडे येऊ. २०१५ साली एका अभ्यासाने कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांची स्कॅन एकत्र करून पाहिली. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. पन्नाशीत हा आकडा ८० टक्क्यांवर होता, आणि ऐंशीत ९६. चकती फुगलेली दिसणं विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६०. यातल्या एकालाही कंबरदुखी नव्हती, हे पुन्हा सांगतो. पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये झीज दिसणं हे डोक्यावर पांढरे केस दिसण्यासारखंच नेहमीचं. पण रिपोर्ट इंग्रजीत असतो, त्यात 'डिजनरेटिव्ह' असा शब्द असतो, आणि तो वाचून दाखवणारा चेहरा गंभीर करतो. घरी गेल्यावर माणूस वाकायचं सोडतो, बादली उचलायची सोडतो, उठताना श्वास रोखून धरतो. पाठीचे स्नायू चोवीस तास आखडलेले राहतात आणि मग ते स्नायूच दुखायला लागतात. स्कॅन काढून जेवढं निदान होतं, त्याहून जास्त भीती वाटली जाते, असं माझं मत आहे.

म्हणून एमआरआय टाकाऊ ठरत नाही. काही लक्षणं दिसली की मीच तो घाईने करायला सांगतो. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लटकायला लागलं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तर आधी तपासणी. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीचंच सोंग घेतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, तर तो वाताचा एक वेगळा आजार असू शकतो. त्याला वेगळी औषधं लागतात.

हे सगळं वगळलं, की उरतात ते बहुसंख्य पेशंट. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या आकड्यातून काही कळत नाही, म्हणून एकाच बाईबद्दल सांगतो.

वय अडतीस, राहणार केज तालुका, काम ऊसतोड. लग्नाआधी आईबापासोबत, लग्नानंतर नवऱ्यासोबत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाची उचल दोघांच्या नावावर चढते. दुखणं चार वर्षांचं. दुखणं किती, शून्य ते दहामध्ये सांगा, असं आमचा कागद विचारतो. ती कागदाकडे पाहत राहिली. मग मी आमच्याकडची पद्धत वापरली, "ताई, रुपयात किती आणे?" उत्तर लगेच आलं. "सकाळी आठ आणे, मोळी वाहिल्यावर सोळाच्या सोळा आणे." आणे चलनातून जाऊन कैक वर्षं झाली, पण बारा आणे फरक पडला हे दुखण्याचं माप आमच्या भागात अजून चालतं. आणि ते बरोबर चालतं.

मग काम करून दाखवायला सांगितलं. वाकून जमिनीवरची पिशवी उचलताना ती कमरेतून वळलीच नाही. सगळी पाठ पाटीसारखी ताठ, श्वास कोंडलेला, एक हात गुडघ्यावर. पोटरीची ताकद ठीक, पायाच्या अंगठ्याची ताकद ठीक, रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे, पाय सरळ उचलल्यावर कळ नाही. नस दबलेली नव्हती. झोप विचारली तर म्हणाली, हंगामात दोनला उठायचं, गाडी भरायला कधी मध्यरात्री बोलावणं येतं. मुलगी दहावीला, ती गावी आजीपाशी. हे सांगताना तिचा आवाज बदलला आणि मी ते कागदावर लिहून घेतलं, कारण झोप आणि काळजी या दोन्ही गोष्टी मज्जारज्जूतल्या त्या चाळणीवर खरोखर परिणाम करतात.

अशा बाईला "आराम करा, वजन उचलू नका" असं लिहून देणं सगळ्यात सोपं. ती चिठ्ठी तिच्या पिशवीत आधीच तीनदा होती. खाडा झाला की दंड कापला जातो, त्यामुळे तो आराम तिला परवडणारा नव्हता. गंमत अशी, की परवडला असता तरी त्याचा उपयोग नव्हता. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी कंबरदुखीच्या २०३ पेशंटांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात पडायला सांगितलं. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. तेव्हापासून अंथरुणाचा सल्ला मागे पडत गेला आणि "हिंडते-फिरते राहा" हा सल्ला पुढे आला.

पण थांबा. हा पाश्चात्त्य सल्लाही इथे जसाच्या तसा उतरत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला हिंडते-फिरते राहा म्हणणं ठीक. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला तेच सांगितलं तर ती हसेल, आणि तिने हसावंच. तिच्या कमरेवर येणारा भार खरा आहे, आणि तो "मेंदूच्या हळवेपणा"च्या खात्यावर ढकलणं हा अन्याय होईल. इथे दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: पाठीवर अतोनात काम, आणि त्या कामाने हळवी झालेली मज्जासंस्था.

त्यात आमच्या बीड जिल्ह्याची आणखी एक जखम आहे. कंबर दुखते, अंगावरून जातं, म्हणून तरुण ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये हे प्रकरण राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कमरेचं दुखणं गर्भाशय काढून जाईल याला बहुतेक वेळा काही आधार नसतो. सोबत अंडाशयंही गेली तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटल्यामुळे हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे कंबरदुखीवर असा उपाय झाला, की ज्याने पुढे मणकेच कमजोर होतील.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉलबद्दल ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक लोकांवर झालेला अभ्यास २०१४ साली आला. ताज्या कंबरदुखीत बरं व्हायला गोळीवाल्यांना १७ दिवस लागले, औषध नसलेल्या, नुसत्या पिठाच्या गोळीवाल्यांना १६. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या काही दिवस उपयोगी पडतात, पण वर्षानुवर्षं मेडिकलवरून आणून खाल्ल्या तर पोटात व्रण आणि किडनीवर संकट. गुरांना दिलेल्या याच औषधाने आपल्याकडची गिधाडं किडनी बंद पडून मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडापेक्षा बराच तग धरतो, एवढंच. गावोगावच्या पुड्यांत स्टेरॉइड असेल तर चार दिवस झकास वाटतं आणि हाडं झिजतात. आम्ही कधी कधी मज्जातंतू शांत करणारी अशी औषधं देतो जी नैराश्यातही वापरली जातात. पेशंटचा शिकलेला मुलगा मोबाइलवर ते वाचतो आणि चिडून येतो, "आमच्या आईला येड लागलंय का?" ते आधीच समजावून सांगणं आमचं काम, आणि घाईच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं यांना जागा आहे. कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढणारं ट्रॅक्शन सरसकट देऊ नका असं त्यात म्हटलं आहे. आमच्याकडे मात्र या दोन गोष्टींशिवाय इलाज झाला असं कुणाला वाटत नाही.

"पण मला अमक्याच्या तेलाने गुण आला!" हे मी रोज ऐकतो आणि त्यावर वाद घालत नाही. जुनं दुखणं कमी-जास्त होत राहतं. माणूस इलाज शोधायला निघतो ते दुखणं सगळ्यात चढलेलं असताना. तिथून ते आपसूक उतरणारच असतं, मग त्या आठवड्यात तेल लावा, मालिश करा की नवस बोला. यश मिळतं त्या आठवड्यातल्या इलाजाला. म्हणून संशोधनात दोन गट पाडावे लागतात. २००२ साली ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली या सर्जनने गुडघेदुखीच्या १८० पेशंटांवर हे केलं. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून साफसफाई केली, काहींना भूल देऊन फक्त वरून छेद दिले. दोन वर्षं पाहिलं, दोघांच्या दुखण्यात फरक नाही. म्हणून खोट्या इलाजाने वाटणारं बरं खोटं असतं असंही समजू नका. १९७८ मध्ये दाताच्या पेशंटांवर झालेल्या प्रयोगात दिसलं, की पिठाच्या इलाजाने आलेला उतार अफूविरोधी औषध टोचल्यावर नाहीसा होतो. म्हणजे विश्वासाने शरीर स्वतःच आपलं वेदनाशामक तयार करत होतं. डॉक्टरने दोन मिनिटं नीट बोलण्याला औषधी गुण असतो तो यामुळे.

मोजायचं कसं, हाही पेच आहे. कंबरदुखीसाठी जगभर वापरली जाणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली १९८० ची, इंग्लंडातली. तिच्यात विचारलंय, हव्या त्या खुर्चीत हवा तितका वेळ बसता येतं का? आमच्या पेशंटच्या घरची प्लॅस्टिकची खुर्ची पाहुण्यांसाठी असते. तिला विचारायचं तर उकिडवं बसून भांडी घासता येतात का, चुलीपाशी मांडी घालता येते का, भरलेला हंडा कमरेवर घेऊन किती लांब जाता येतं, हे विचारायला हवं. शिवाय तीन महिन्यांनी परत तपासायचं ठरवावं, तर दिवाळीत नाव नोंदवलेली माणसं माघात कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतात. संशोधनाच्या तक्त्यात त्यांच्यापुढे "पाठपुरावा नाही" असं लिहिलं जातं, आणि ज्यांची कंबर सगळ्यात जास्त राबते तीच माणसं आकड्यांतून गळतात.

आणि इथेच त्या बाईच्या दुखण्याची गुरुकिल्ली होती. वेदनेच्या पुस्तकात एक चक्र सांगितलेलं असतं: बरं वाटतं त्या दिवशी माणूस कामाचा फडशा पाडतो, मग चार दिवस झोपून राहतो, मग पुन्हा फडशा. दर फेरीत सहनशक्ती घटते. ऊसतोडीच्या माणसाचं सबंध वर्षच असं असतं. दिवाळीपासून चैत्रापर्यंत शरीर पिळून काढणारं काम. मग गावी परत. तिथे घरकाम, सरपण, खुरपणी असते, पण मोळीच्या तोडीचं काहीच नाही. पाच-सहा महिन्यांत पाय आणि पाठ उतरतात आणि कार्तिकात पहिल्याच दिवशी पुन्हा पूर्ण मोळी. तिची चारही वर्षांची दुखणी आठवून पाहिली, तर दर वेळी हंगामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंबर धरलेली.

विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अमेरिकेत एक साधी गोष्ट रूढ केली. व्यायाम दुखेपर्यंत करायचा नाही, ठरलेल्या मोजमापाइतका करायचा. आज बरं वाटतं म्हणून जास्त नाही, आज दुखतं म्हणून शून्य नाही. मेंदूला हळूहळू कळतं, की वाकलं म्हणजे मोडलं असं नाही.

तिला आम्ही भाद्रपदात सुरू करायला सांगितलं. पहिला आठवडा रिकामी बादली, गुडघे आणि खुब्यातून वाकून, श्वास सोडत, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसऱ्या आठवड्यात तळाला चार लिटर पाणी. बाजेवरून हात न टेकता उठणं. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, आधी मोकळ्या हाताने, मग डोक्यावर पाच किलो ज्वारी घेऊन, दर आठवड्याला दोन किलो वाढवत. कळ आठ आण्यांपर्यंत गेली तर चालेल, पण रात्रीतून ती उतरली पाहिजे. न उतरल्यास वजन वाढवायचं नाही, तेवढंच ठेवायचं. पट्टा फक्त ट्रॅक्टरच्या प्रवासात, तोही वाटलं तर. नवऱ्यालाही आत बोलावलं, कारण पहिले पंधरा दिवस मोळी लहान बांधायची हे ठरवायचं काम त्याचं. तो म्हणाला, "लहान बांधली तर खेपा वाढत्यात, सायेब." बरोबर होतं. मग खेपा किती वाढतील आणि त्या दोघांत कशा वाटायच्या, याचा हिशेब त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे मांडला.